आईबाबांच्या घरी 'स्मार्ट' काय बसवावं आणि काय नको?

वाशिष्ठी
शनिवार, रात्री ९:५०

बाबा ७६, आई ७१. घर चिपळूणला, बाजारपेठेपासून जरा आत. मी पुण्यात, भाऊ मेलबर्नला.

महिन्याभरापूर्वी बाबा न्हाणीघरात घसरले. हाडबीड मोडलं नाही. पण आई गिरणीत दळण आणायला गेली होती, त्यामुळे वीसेक मिनिटं ते तसेच खाली बसून होते. मला कळलं दुसऱ्या दिवशी, तेही शेजारच्या काकूंकडून. "तुम्ही उगाच काळजी कराल म्हणून" वगैरे नेहमीचं.

तेव्हापासून भाऊ रोज रात्री लिंका पाठवतोय. आता तर त्याने एक्सेल शीटच केली आहे: तीन कॅमेरे (ओटी, माजघर, झोपायची खोली), दाराला बोटाच्या ठशाचं कुलूप, गीझर आणि पाण्याच्या मोटारीला वायफाय प्लग, बोलका स्पीकर, आठ स्मार्ट बल्ब. बेरीज ४२ हजार. पैसे तो देणार, बसवून घ्यायचं काम माझं.

घराची परिस्थिती सांगते. २२ जुलै २०२१ च्या पुरात पाणी घरात छातीपर्यंत आलं होतं, त्यानंतर सगळे बोर्ड वर घेतले. इन्व्हर्टर आहे. फायबरचं नेट आहे, पण वादळ आलं की आधी तेच तुटतं. पावसाळ्यात वीज कधी चार तास, कधी दीड दिवस नसते. बाबा व्हॉट्सॲप वापरतात, आईकडे बटणांचा फोन.

ज्यांनी हे सगळं आपल्या किंवा आईवडिलांच्या घरी बसवलं आहे त्यांनी खरं काय ते सांगा. जाहिराती वाचून झाल्यात.

मिरचीभजी
शनिवार, रात्री १०:०५

आधी न्हाणीघरात धरायला दांड्या आणि खाली खरबरीत फरशी. उरलेल्या पैशांत भजी.

वाशिष्ठी
शनिवार, रात्री १०:११

@मिरचीभजी दांड्या त्याच आठवड्यात बसवल्या :) फरशीचं गवंड्याने "गणपतीनंतर बघू" म्हटलंय.

फेज_न्यूट्रल
शनिवार, रात्री ११:२०

ठाण्यात वीस वर्षं वायरिंगची कामं घेतोय. हल्ली नवीन फ्लॅटचं गिऱ्हाईक पहिल्याच भेटीत विचारतं, "अलेक्सावर चालेल ना?" अर्थिंग कसं आहे हे कुणी विचारत नाही.

ताई, तुमच्या यादीतली एकेक वस्तू घेतो.

गीझर: २००० वॅटचा असेल तर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर ओढतो. बाजारात १० अँपिअरचा वायफाय प्लग मिळतो आणि कागदावर तो पुरतोही. पण गीझर सलग अर्धा तास ओढणार, आणि कोकणातल्या दमट हवेत पितळी पिना हिरव्या पडतात. पकड सैल झाली की पिन तापते, प्लास्टिक पिवळं पडतं, मग वास येतो. असे जळके प्लग माझ्याकडे डबाभर आहेत. घ्यायचाच तर १६ चा घ्या, आणि भिंतीतला जुना सॉकेटही त्याच वेळी बदला.

पाण्याची मोटार: प्लग अजिबात नको. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. प्लगच्या आत चिमुकला रिले, म्हणजे विजेने उघड-बंद होणारा स्विच असतो, त्याचे पॉइंट चिकटतात. मग ॲपवर 'बंद' दिसतं आणि इकडे टाकी अंगणात वाहतेय. मोटारीला काँटॅक्टर (जड करंटसाठीचा दणकट स्विच) किंवा स्टार्टरच हवा, आणि त्यावर काय हुशारी करायची ती करा.

बल्ब: आठही रद्द करा. स्मार्ट बल्बला बोर्डावरून सतत वीज लागते. आईंनी सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्ब मेला, ॲप शोधत बसतं. त्यापेक्षा बोर्डाच्या मागे बसणारं छोटं मॉड्यूल येतं. भिंतीवरचं बटण नेहमीसारखं चालतं, आणि फोनवरूनही चालतं. त्याला न्यूट्रल लागतो. आपल्याकडे बहुतेक बोर्डात सॉकेट असतोच, म्हणून न्यूट्रल आलेला असतो. फक्त जिन्यातल्या एकट्या बटणाच्या बोर्डात तो सापडत नाही. आणि खरं विचाराल तर तुम्हाला मॉड्यूल एकच लागेल, झोपायच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेतल्या दिव्याला. तेही नको असेल तर माणूस हलला की लागणारा साधा सेन्सर दिवा लावा.

साता_समुद्रापार
रविवार, पहाटे ५:४०

न्यू जर्सीहून. २०२० मध्ये नाशिकच्या घरी आईबाबांसाठी चार कॅमेरे बसवले. तेव्हा प्रवास बंद होता, त्यामुळे तो मोठा आधार वाटला हे कबूल करतो. आई पोळ्या लाटताना दिसली की मला इकडे झोप लागायची.

पण सवय वाईट लागते. मी ऑफिसात मीटिंग चालू असताना नाशिकचा हॉल बघत बसायचो. बाबांनी औषधाची डबी उघडली का, आई एवढा वेळ कुठे आहे. एकदा दोघं तीन तास दिसेनात, मी आत्येभावाला कामावरून उठवून घरी पाठवलं. ते नाटकाला गेले होते.

दुसरी गोष्ट, कॅमेऱ्यातलं चित्रण कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर जातं. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०२३ मध्ये घरगुती कॅमेरे विकणाऱ्या रिंगवर आरोप ठेवला होता, की कंपनीचे कर्मचारी आणि कंत्राटदार ग्राहकांची खासगी चित्रणं पाहू शकत होते. ५८ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटलं. रिंग म्हणजे ॲमेझॉनची कंपनी, कुठली गल्लीतली नव्हे. तेव्हापासून आमच्याकडे घराच्या आतले तीन काढले, फाटकावरचा एक ठेवला.

निवृत्तनाथ
रविवार, सकाळी ७:१५

मी त्या कॅमेऱ्याच्या पलीकडचा माणूस. वय ७४, मुक्काम सांगली, चिरंजीव परदेशी.

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक पांढरा डोळा बसवला आहे. त्याला बोलताही येतं. दिवाळीत बशीकडे हात नेला तर छतातून आवाज आला, "बाबा, तिसरा लाडू." हिने घाबरून हातातली वाटी टाकली. त्यानंतर आम्ही भांडायचं असलं की गॅलरीत जातो. बावन्न वर्षांच्या संसारात भांडायला जागा शोधावी लागली नव्हती.

मग एके दिवशी मी त्याच्यावर पंचा टाकला. दोन तासांत फोन, "कॅमेरा बिघडला का?" म्हटलं, नाही रे, त्याला थंडी वाजत होती.

विनोद सोडा. मुलगा प्रेमानेच करतो हे आम्हाला कळतं. पण त्याने विचारलं नाही. आला, शिडी लावली, स्क्रू पिळले, ॲप स्वतःच्या फोनमध्ये घातलं आणि विमान पकडलं. त्या कॅमेऱ्यात काय दिसतं ते आम्हा दोघांना आजतागायत माहीत नाही. झोपायच्या खोलीत कॅमेरा हे तर मला वाचूनच कसंसं झालं. वाशिष्ठीताई, तुम्ही इथे आम्हाला विचारताय. बाबांना विचारलंत का?

मिरचीभजी
रविवार, सकाळी ७:३२

काकांना दंडवत _/\_

वाशिष्ठी
रविवार, सकाळी ९:००

काका, नाही विचारलं. तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ नुसतीच बसले होते. आज संध्याकाळी फोन करते.

बग_शोधक
रविवार, सकाळी ११:४५

हिंजवडीत याच प्रकारच्या वस्तूंचं फर्मवेअर (वस्तूच्या आत चालणारा प्रोग्रॅम) लिहितो, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी हे बघा, की तुम्ही पुण्यात ॲपवर बटण दाबलं आणि चिपळूणचा दिवा लागला, यात मधे काय घडलं. तुमचा फोन कंपनीच्या सर्व्हरला सांगतो. सर्व्हर मुंबईत असेल, सिंगापुरात असेल, अमेरिकेत असेल. तो चिपळूणच्या राउटरला सांगतो, राउटर दिव्याला. आता तुम्ही चिपळूणला त्या दिव्याखाली उभ्या राहून फोनवर बटण दाबलंत, तरी स्वस्तातल्या बऱ्याच वस्तूंमध्ये निरोप असाच फिरून येतो. घरातल्या घरात बोलायला परदेशातला माणूस मधे.

बाजारात पन्नास नावांचे प्लग दिसतात, पण त्यातल्या बऱ्याचशांच्या पोटात एकच व्यवस्था असते: तुया नावाची चिनी कंपनी, २०१४ ची. चिप, सर्व्हर, ॲप सगळं तयार मिळतं, ब्रँडने डब्यावर आपलं नाव छापायचं. म्हणून हा धंदा एवढ्या झपाट्याने वाढला. नवीन ब्रँड काढायला इंजिनियरसुद्धा लागत नाही.

सर्व्हर बंद पडला तर? रिव्हॉल्व्ह नावाचा ३०० डॉलरचा हब होता, घरातल्या स्मार्ट वस्तू एकत्र चालवणारा डबा. ती कंपनी २०१४ मध्ये थर्मोस्टॅट (घराचं तापमान राखणारं यंत्र) बनवणाऱ्या नेस्टने घेतली, त्याच वर्षी नेस्टला गूगलने ३.२ अब्ज डॉलरना घेतलं होतं. मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला आणि लोकांच्या घरातला हब म्हणजे पेपरवेट झाला. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट दिवे-बटणांच्या कंपनीचे सर्व्हर काही न सांगता बंद झाले. पुढे तिच्याच काही ग्राहकांनी कंपनी विकत घेऊन ते परत चालू केले, हा एक मजेशीर अपवाद. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने पहिल्या दोन पिढ्यांचे नेस्ट थर्मोस्टॅट ॲपमधून तोडले. भिंतीवर हाताने फिरवून ते चालतात, पण ज्या गोष्टीसाठी जास्त पैसे मोजले ती गेली. आणि २० ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे आपल्याकडे नरक चतुर्दशीला, ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या सर्व्हरमध्ये बिघाड झाला तेव्हा अलेक्सा, रिंग तर गप्प झालेच, पण तापमान राखणाऱ्या महागड्या गाद्यासुद्धा अडकल्या.

म्हणून घेताना दुकानात एकच परीक्षा घ्या: राउटर बंद करायला सांगा आणि मग वस्तू वापरून बघा. हाताने चालली पाहिजे. घरातल्या घरात फोनवरूनही चालली तर फारच उत्तम. डब्यावर 'मॅटर'चं चिन्ह असेल तर ती शक्यता जास्त. हे ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेलं मानक आहे, ॲपल, गूगल, ॲमेझॉन, सॅमसंग सगळे त्यात आहेत, आणि वस्तूंनी घरातल्या घरात बोलावं असाच त्याचा पाया आहे. ज्यांना हौस आहे ते रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर होम असिस्टंट नावाचा प्रोग्रॅम टाकतात, म्हणजे सगळा कारभार घरातूनच चालतो. माझ्या घरी आहे. आईबाबांच्या घरी टाकू नका, तुम्ही त्यांच्या घरच्या कायमच्या वायरमन व्हाल.

मिरचीभजी
रविवार, दुपारी १२:०२

थांबा थांबा. गादीला सर्व्हर लागतो?? आमच्या गादीला फक्त पिंजारी लागायचा.

बग_शोधक
रविवार, दुपारी १२:१०

एट स्लीप नावाची कंपनी आहे. त्या दिवशी काही लोकांची गादी तापलेलीच राहिली, काहींची वर उचललेल्या स्थितीत अडकली. कंपनीने नंतर ब्लूटूथवरून चालवायची सोय दिली.

आणि कॅमेऱ्याबद्दल एक राहिलं. डब्यासोबत आलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातले साठेक ठरावीक पासवर्ड घेऊन जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर काबीज केले होते, आणि त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ ला ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास पाडल्या. कुणाच्या तरी ओसरीवरचा कॅमेरा त्या हल्ल्यात सामील होता आणि मालकाला पत्ताही नव्हता. आपल्याकडे ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीला केंद्राने ठरवलेल्या सुरक्षा चाचण्या सक्तीच्या आहेत. त्यामुळे बिननावाचा ८०० रुपयांचा कॅमेरा 'ऑफरमध्ये' दिसला तर मोह आवरा.

आत्याबाई
रविवार, दुपारी २:३०

कोल्हापूर. आमच्या सुनेने पंखे बदलले, ते बीएलडीसीवाले, कमी विजेच्या मोटारीचे. ते मात्र झकास. जुना पंखा ७०-७५ वॅट खायचा, हा तिशीत भागवतो. दिवसाला बारा तास धरले तर अर्धा युनिट वाचतं, तेही प्रत्येक पंख्यामागं. ॲपपण आहे म्हणे, कुणी उघडलेलं नाही. रिमोट मात्र गादीखाली, उशीखाली, एकदा तर पिठाच्या डब्याशेजारी सापडला.

बिल कमी होईल म्हणून स्मार्ट वस्तू घेणाऱ्यांनी हे करावं आधी.

फेज_न्यूट्रल
रविवार, दुपारी ३:१०

+१ आत्याबाई. उलटा हिशोबही सांगतो. वायफायची वस्तू बंद असतानाही अर्धा वॅट वगैरे खातेच. घरात वीस वस्तू म्हणजे चोवीस तास १० वॅट, महिन्याला सात युनिट. फार नाही, पण 'वीज वाचवते' असं डब्यावर लिहिलेलं असतं तेव्हा हसू येतं.

बांधावरून
रविवार, सायंकाळी ६:२०

श्रीगोंदा. तुम्ही शहरवाले आत्ता स्मार्ट स्मार्ट करताय, आमच्या विहिरीवर मोबाइल स्टार्टर पंधरा वर्षं झाली. त्यात सिम असतं. फोन लावायचा, मोटार चालू. परत फोन आला की समजायचं लाइट गेली. पुण्याच्या संतोष ओस्तवालांचं नॅनो गणेश सगळ्यात आधी नावाजलं, मग अनेकांनी काढले.

कारण काय? शेतीची लाइट रात्रीची. रात्री दोनला थ्री फेज येणार म्हणून वडील बॅटरी घेऊन ओढ्याकाठनं दीड किलोमीटर जायचे. इचू-काटा, सापकिरडू, बिबट्या. तिथं जाऊन बघावं तर लाइट परत गेलेली. आता अंथरुणातनं फोन करतात. नेट नाही, वायफाय नाही, साधा डबडा फोन. जिथं खरीच अडचण होती तिथं ही वस्तू कुणी जाहिरात न करता पोचली.

ताईंच्या मोटारीलाही हाच डबा लावता येईल. घरगुती सिंगल फेजचा पण मिळतो.

फेज_न्यूट्रल
रविवार, सायंकाळी ६:४१

बांधावरून, अगदी बरोबर. मोटारीला हेच. त्यात कोरडी मोटार चालू नये याची सोयही असते.

गोंयकार_पेडणे
रविवार, रात्री ८:१५

कुलपाबद्दल मी सांगतो. पेडण्यात आमचा होमस्टे आहे, पाच खोल्या, पाचांना नंबरांची कुलपं. पाहुणा रात्री एकला येवो, तीनला येवो, नंबर पाठवायचा, सकाळी बदलायचा. चावी हरवली, पाहुणा चावी घेऊन विमानात बसला, हे सगळं बंद झालं. धंद्याला सोन्यासारखी वस्तू.

घराला मात्र मी लावलं नाही. सेल संपत आले की ते महिनाभर आधीपासून ओरडत राहतं, आणि म्हातारी माणसं ते ओरडणं "असेल काहीतरी" म्हणून सोडून देतात. बाहेरून नऊ व्होल्टची बॅटरी किंवा चार्जर टेकवून उघडायची सोय असते, चावीपण असते, पण ती चावी आतल्या कपाटात. आमच्या दमट हवेत दार फुगतं तेव्हा खिट्टी अर्धी बसते आणि मोटर कुरकुरते. आणि कामाने बोटं झिजलेल्या माणसांचे ठसे लागत नाहीत, माझ्या आवयचे एकाही बोटाचे लागले नाहीत.

तुमच्या घराचं दार कसलं आहे? जुनं दोन फळ्यांचं असेल तर विषयच संपला, ही कुलपं एका फळीच्या जाड दारासाठी असतात.

वाशिष्ठी
रविवार, रात्री ८:३०

दोन फळ्यांचंच. आणि आतून कडी, शिवाय वर आडणा, म्हणजे दारामागे आडवा घालायचा दांडा!

गोंयकार_पेडणे
रविवार, रात्री ८:३४

आडणा असेल तर कुलूप कितीही हुशार असून काय करणार.

ओवीची_मावशी
रविवार, रात्री १०:५०

सगळेच विरोधात बोलताहेत म्हणून लिहितेय. नागपूर. आईला तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. मी तिच्याच खोलीत झोपते. रात्री तिला पंखा कमी हवा, दिवा हवा, तर दर वेळी मला उठवावं लागायचं, आणि ती उठवायची नाही. घामेजून किंवा कुडकुडत पडून राहायची.

स्पीकर आणला, पंखा आणि दिवा त्याला जोडला. आता ती अंधारात म्हणते, "पंखा कम करो". अलेक्साला २०१९ पासून हिंदी येते, म्हणून आमची आई ७०व्या वर्षी हिंदी सुधारते आहे. आणि काम झालं की मराठीत, "बाप्पा, ऐकलं वं बिचारीनं." पहिल्या आठवड्यात तिने रात्री अकरा वेळा पंखा कमी-जास्त केला. गरज नव्हती, नुसतं आपल्याला करता येतंय म्हणून. मी झोपेचं सोंग घेऊन ऐकत होते.

सर्व्हर व्हर्जिनियात असो नाहीतर चंद्रावर. नेट गेलं तर मी आहेच.

बग_शोधक
रविवार, रात्री ११:०५

@ओवीची_मावशी माझं लांबलचक भाषण तुमच्या प्रतिसादापुढे फिकं. फक्त राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा, हजार-बाराशेत येतो. वीज गेली की इन्व्हर्टर चालू व्हायच्या झटक्यात राउटर बंद होऊन परत सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो, ती वाचतील.

वाशिष्ठी
सोमवार, रात्री ९:२०

बाबांशी बोलले. तासभर. एक्सेल शीट वाचून दाखवली. कॅमेऱ्यांवर म्हणाले, "माजघरात कॅमेरा लावलास तर मी ओटीवर झोपेन, ओटीवर लावलास तर शेजाऱ्यांकडे." स्पीकर आईला हवाय, भजनांसाठी. गीझर टायमरने आपोआप चालू होणं बाबांना पसंत आहे, कारण पहाटे उठून तो लावायला तेच अंधारात चालत जातात.

मग मी विचारलं, त्या दिवशी घसरलात तेव्हा नेमकं काय हवं होतं? म्हणाले, "कुणीतरी दोन मिनिटांत यायला हवं होतं. तू पुण्याहून काय पाच तासांनी येऊन उचलणार होतीस?"

एवढं साधं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. भाऊ चिपळूणच्या घसरण्याची वर्दी मेलबर्नला पोचवायची सोय करत होता.

फेज_न्यूट्रल
सोमवार, रात्री ९:४५

मग ताई, साधी वायरलेस बेल आणा. पाचशेच्या आत येते. बटण न्हाणीघरात, जमिनीपासून फूटभर उंचीवर, म्हणजे खाली बसलेल्या माणसाचा हात पोचेल. पाण्यापासून जपायला वर प्लास्टिकचं झाकण. घंटा शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात. मधे भिंती किती त्यावर अवलंबून आहे, आधी नुसतं धरून वाजवून बघा. नेट नको, ॲप नको, वीज गेली तरी वाजावी म्हणून सेलवर चालणारी घंटा घ्या.

आणि न्हाणीघराची आतली कडी काढा. बाहेरून नाण्याने उघडता येते अशी खिट्टी मिळते, ती लावा.

निवृत्तनाथ
सोमवार, रात्री १०:००

ही बेल मी उद्याच आणतो. घंटा गॅलरीत लावीन :)

बग_शोधक
सोमवार, रात्री १०:२५

आणि तुमच्या समाधानासाठी एक छोटी गोष्ट: मागच्या दाराला उघड-बंद कळवणारा सेन्सर. बाबा रोज सकाळी ते दार उघडत असतीलच. पण सूचना 'दार साडेसातपर्यंत उघडलं नाही तर कळव' अशी ठेवू नका. नेट गेलेलं असेल तर तो निरोपच येणार नाही आणि तुम्ही निर्धास्त राहाल. उलटी ठेवा: दार उघडलं की रोज निरोप. निरोप नाही आला तर तुम्ही फोन करायचा. मग बिघाड झाला तरी फार तर एक जास्तीचा फोन होईल.

वीजबिल_वाचक
मंगळवार, सकाळी ८:१०

गीझरच्या टायमरबद्दल. चिपळूणला महावितरणचा नवीन टीओडी मीटर (कुठल्या वेळी किती वीज वापरली ते मोजणारा) बसला आहे का बघा. असेल तर १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत आहे. २०२४ मध्ये प्रीपेड म्हणून ज्यावर एवढा गदारोळ झाला तो प्रकार घरगुती ग्राहकांसाठी मागे घेतला, हा पोस्टपेडच आहे. त्याला तुमचं वायफाय लागत नाही. इस्त्री, वॉशिंग मशीन, मोटार दुपारी चालवली तर फायदा.

मिरचीभजी
मंगळवार, सकाळी ८:१५

म्हणजे बाबांनी आंघोळ नऊनंतर करायची. सांगून बघा. ब्राह्ममुहूर्त सोडून सवलत घ्या म्हणावं.

वाशिष्ठी
तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८:४०

धागा वर काढते आहे, कारण विचारून गायब होणाऱ्यांतली मी नाही.

चार दिवस चिपळूणला होते. बेल बसवली. काकूंच्या स्वयंपाकघरात घंटा वाजते, चाचणी घेतली तेव्हा त्या हातातलं उलथनं घेऊनच धावत आल्या. न्हाणीघराची कडी काढली. पुढच्या दाराची जास्तीची चावी त्यांच्याकडे दिली. रात्री आडणा न लावण्याबद्दल आईशी वाटाघाटी चालू आहेत. गीझरला १६ अँपिअरचा प्लग, सॉकेट बदलून. जुना सॉकेट काढला तेव्हा मागची वायर काळी पडलेली निघाली, फेज_न्यूट्रल यांना साष्टांग. मोटारीला सिमवाला डबा, तो बाबांना इतका आवडला की दोन दिवस गरज नसताना टाकी भरत होते.

मागच्या दाराचा सेन्सर लावला, बाबांच्या संमतीने. रोज सहा-साडेसहाला निरोप येतो, ते जास्वंदीची फुलं काढायला बाहेर पडतात तेव्हा. दोनदा आला नाही. एकदा नेट गेलं होतं, एकदा बाबांनी "बघू हिला कळतं का" म्हणून मुद्दाम पुढच्या दाराने जाऊन फुलं काढली. दोन्ही वेळा फोन केला.

सगळं मिळून साडेतेरा हजार. स्पीकर धरून. भावाला हिशोब पाठवला, तो जरा हिरमुसला. कॅमेरा एकही नाही म्हटल्यावर गप्पच झाला. पण आता बाबा स्वतःहून एक कॅमेरा मागताहेत! परसात, पपईच्या झाडाकडे तोंड करून. वानरांची टोळी नेमकी कधी येते ते त्यांना बघायचंय. तीन वर्षांत एक पिकलेली पपई घरात आलेली नाही. तर पावसात टिकणारा, मेमरी कार्डवाला कॅमेरा कुठला घ्यावा? आणि वानर दिसलं की भोंगा वाजेल असं काही असतं का?

बग_शोधक
रविवार, रात्री ९:०५

असतं. हालचाल दिसली की सायरन वाजवणारे कॅमेरे मिळतात. पण पान हललं तरी वाजेल आणि काकू उलथनं घेऊन येतील. डब्यावर आयपी ६६ किंवा ६७ (धूळ-पाण्यापासून बचावाचं मानांकन) लिहिलेलं बघा, आणि वीज कुठून घेणार ते आधी ठरवा. परसात सॉकेट आहे का?

बांधावरून
रविवार, रात्री ९:३०

भोंग्याला वानरं दोन दिवसांत सरावतात. आमच्याकडं तिसऱ्या दिवशी एक त्याच्यावरच बसलं होतं.

निवृत्तनाथ
रविवार, रात्री ९:४२

कॅमेऱ्याचं ॲप या वेळी बाबांच्या फोनमध्ये घाला.

वाशिष्ठी
रविवार, रात्री ९:५०

हो काका, फक्त त्यांच्याच. भावाला वानरं बघायची असतील तर बाबांना विचारावं लागेल.

@बग_शोधक सॉकेट नाही, पण न्हाणीघराच्या खिडकीतून वायर काढता येईल. फेज_न्यूट्रल, चालेल का?

फेज_न्यूट्रल
रविवार, रात्री १०:०२

न्हाणीघरातून? अजिबात नाही. स्वयंपाकघराच्या बोर्डावरून पाइपातून काढा. उद्या फोटो टाका भिंतीचा.